हसुराम-भिमाबाय: भोंग्यामागून पाहिलेलं एक वर्ष

लाउडस्पीकरवाल्याला गाण्यातलं काही कळत नाही, असा लोकांचा समज असतो. माझ्यापुरता तो बराचसा खरा आहे. मला राग ओळखता येत नाही आणि ताल चुकला तर तो ढोलकीवाल्याच्या तोंडावरून कळतो. पण कुठला आवाज माइकला झेपेल आणि कुठला त्याला फाडेल, हे माणूस नुसता पाणी मागायला बोलला तरी मी सांगायचो. बेलापुरात बसून पस्तीस-छत्तीस वर्षं भोंगे भाड्याने दिले. लग्नं, सभा, नाटकं, सत्यनारायण, सगळं केलं. संपादकांनी या अंकासाठी धंद्यातल्या आठवणी मागितल्या, तेव्हा त्यांना बहुधा पुढाऱ्यांच्या सभा हव्या असाव्यात. पुढाऱ्यांचं सांगण्यासारखं एवढंच की माइक सुरू आहे की नाही हे बघायला ते त्यावर टिचक्या मारतात आणि त्याने माइक बिघडतो.

मला त्याऐवजी एका जोडीबद्दल लिहायचंय. साठ सालानंतर तीन-चार वर्षांनीची गोष्ट. आज जिथे माझी सोसायटी आहे तिथे तेव्हा मिठागर होतं. नेरूळ, वाशी, दिघा ही गावांची नावं होती, स्टेशनांची नव्हती.

धंदा काय होता ते आधी सांगतो. बहुतेक गावांत वीज नव्हती. माझ्याकडे एक अॅम्प्लिफायर, एक माइक, दोन भोंगे, तबकड्या वाजवायचा फोनो आणि लॉरीची एक जुनी बॅटरी एवढा संसार होता. बॅटरी पनवेलला चार्ज करून आणायची आणि मिठागराच्या बांधावरून कावडीने गावात न्यायची. भोंगे ताडावर नाहीतर माडावर बांधायचे. लोकांना वाटायचं भोंगा आवाज मोठा करतो. तो मोठा करतोच, पण जे त्याच्या पोटात जाईल तेच करतो. आत फाटकं गेलं की बाहेर फाटकं येतं. त्यामुळे खरं काम भोंग्यापाशी नसतं. ते माइकपाशी, कोण किती अंतरावर आणि कुठे तोंड करून उभा आहे, यात असतं.

ही जोडी मला पहिल्यांदा भेटली ती एका हळदीला. नवरदेवाचा बाप तऱ्हेवाईक होता. पलीकडच्या गावाशी त्याचं भांडण होतं आणि तिथलं कोणी लग्नाला येणार नव्हतं. त्याने मला दोन्ही भोंगे त्या गावाच्या दिशेने बांधायला लावले.

मी म्हटलं, "अहो, मांडवात काहीच ऐकू येणार नाही."

"मांडवातली मान्सा माजीच हायत," तो म्हणाला. "ज्यांना यायचा नाय त्यांना आयकव."

तसे बांधले. दुपार कलल्यावर सारसोळे गावची एक नवरा-बायकोची जोडी गायला उभी राहिली. हसुराम नाखवा आणि त्याची बायको भिमा. दोघं तिशीच्या आतली. हसुराम खाडीत मासेमारी करायचा, भिमा मासळी विकायची, आणि लग्नसराईत दोघं मिळून सवाल-जवाबाची गाणी म्हणायची. ती विचारायची, तो उत्तर द्यायचा. गाणी तिचीच होती. लिहिलेलं काही नव्हतं, दोघांनाही अक्षरओळख नव्हती. उभ्या उभ्या सवाल सुचायचा.

"तल कुठं रं खाडीचा?" तिने विचारलं.

आणि मला कळलं की या बाईला माझी गरज नाही. भोंगे पलीकडच्या गावाकडे तोंड करून होते, तरी तिचा शब्द न् शब्द मांडवाच्या शेवटच्या माणसापर्यंत जात होता. खाडीतल्या होडीला काठावरून हाक मारून मारून कमावलेला आवाज. हसुराम मात्र उत्तर द्यायचा तो गाण्यात आणि बोलण्यात मधोमध, खालच्या पट्टीत, हसतमुखाने. "तुजी हाक सरते तितं," असं त्याने त्या सवालाला उत्तर दिलं. ते त्याच्या शेजारी बसलेल्या चार माणसांना ऐकू गेलं. मागची माणसं एकमेकांना विचारत राहिली, तो काय म्हणाला. पलीकडच्या गावाला मात्र त्या दिवशी सगळं ऐकू गेलं असणार.

पुढच्या कार्यक्रमाला मी भोंगे नीट लावले, तर वेगळंच झालं. भिमावैनी माइकसमोर उभी राहून नेहमीसारखी गायली आणि भोंग्यातून पत्रा फाटल्यासारखा आवाज आला. मग मी दोघांना शिकवलं. हसुरामला माइकपासून वीतभर अंतरावर उभं केलं. भिमावैनीला एक हात लांब.

"वैनी, माइककडे बघू नका. मान बाजूला करून गा. आवाज माइकच्या गालावरून गेला पाहिजे, तोंडावर नको."

"बाजूला म्हंजे कुठं बगू?"

"हसुरामकडे बघा."

"यांच्याकडं?" ती हसली. "घरी बगतेच की."

पण तिला ते एका दिवसात जमलं. दोघांचे आवाज एकसारखे निघायला लागले. लोकांना मान वळवण्यामागचं कारण माहीत नव्हतं. त्यांना वाटायचं बायको नवऱ्याकडे बघून सवाल करते, ही या जोडीची अदा आहे. बायकांना ते फार आवडायचं. हसुराम कौतुकाने लाजायचा आणि उत्तर आणखी हळू द्यायचा, पण आता ते सगळ्यांना ऐकू जायचं. त्या हंगामात आम्ही बेलापूरपासून दिव्यापर्यंत गावं पालथी घातली. लोक तारीख ठरवताना ब्राह्मणाआधी हसुरामला विचारायचे, असं गमतीने म्हणत, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

लोक भिमासाठी यायचे. हे हसुरामला माहीत होतं. तो ते उघड बोलायचाही. "मी काय, मी तिच्या गान्याला खालून टेकू," असं म्हणायचा. त्याच्या बोलण्यात कधी कडवटपणा दिसला नाही. निदान मला दिसला नाही.

माघात दिघ्याला एका नव्या कारखान्यात कामगारांसाठी कार्यक्रम झाला. तिथे वीज होती, म्हणून मी खूश होतो. समोर देशावरचे, कोकणातले, उत्तरेकडचे असे सगळे कामगार बसले होते. त्यांना आगरी-कोळी बोली कळेना, पहिली दहा मिनिटं थंड गेली. तेवढ्यात पाळी बदलण्याचा भोंगा वाजला. भिमावैनीने तो संपू दिला आणि सुरातच विचारलं, "यो भोंगा कुनाला बोलवतंय?" हसुराम म्हणाला, "ज्याची झोप झाली नाय त्याला." ते सगळ्यांना कळलं. नंतर त्यांनी तिला तासभर खाली बसू दिलं नाही.

त्या गर्दीत एका रेकॉर्ड कंपनीचा एजंट होता. मोडक नावाचा, ठाण्यात राहणारा, सभ्य माणूस. कार्यक्रम संपल्यावर त्याने हसुरामला बाजूला घेतलं आणि तबकडी काढायची का, असं विचारलं. एका बाजूला तीन मिनिटांचं गाणं.

"तीन मिन्टात तर मी खाकरतो," हसुराम म्हणाला.

तरी ठरलं. पुढचे दोन आठवडे ही दोघं सारसोळ्याच्या अंगणात बसून गाणं कापत होती आणि मी घड्याळ घेऊन समोर होतो. वीस मिनिटांच्या गाण्यातून तीन मिनिटांचे सवाल निवडायचे. भिमावैनीला ते जड जात होतं. "ह्यो पन टाकायचा? मंग राहिला काय?" असं म्हणत ती एकेक सवाल सोडत गेली.

आता माझं सांगतो. मी मोडकांना गाठून विनंती केली होती की रेकॉर्डिंगच्या वेळी मला आत येऊ द्या, आणि जमलं तर तिथे हेल्पर म्हणून काम बघा. मिठागराच्या बांधावरून बॅटरी वाहून मी कंटाळलो होतो. मोडक म्हणाले, "रेकॉर्डिस्टसाहेबांना पटलात तर सांगतो. पण आत मध्ये मध्ये बोलू नका. त्यांना ते चालत नाही."

चैत्रातल्या एका पहाटे भरती धरून आम्ही हसुरामच्या होडीतून निघालो. सारसोळ्यासमोर खाडीपलीकडे ट्रॉम्बे. तिथे होडी लावून बसने मुंबई. भिमावैनीने लग्नातलं लुगडं नेसलं होतं आणि वाटेत ती एक शब्द बोलली नाही. आवाज राखत होती.

स्टुडिओ म्हणजे भिंतींना कापडाच्या गाद्या लावलेली खोली. मध्ये उभ्या दांड्यावर एक माइक. माझ्या माइकच्या शंभर पट नाजूक. एक मेंडोलीनवाला, एक ढोलकीवाला कंपनीचे. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट. मी दाराशेजारी स्टुलावर बसलो.

पहिल्या चाचणीलाच रेकॉर्डिस्टने हात वर केला. "बाईंचा आवाज फार येतोय. बाई, मागे व्हा."

ती दोन पावलं मागे झाली. पुन्हा चाचणी. "अजून मागे." तिसऱ्यांदा ती माझ्या स्टुलापाशी, दाराजवळ आली. हसुराम माइकसमोर होता, तिच्याकडे पाठ करून. आता ती पाहणार तरी कुणाकडे?

मला माहीत होतं काय करायचं ते. तिला इतकं मागे ढकलायची गरज नव्हती. दोन पावलांवर उभी करून मान वळवायला सांगितली असती तर काम झालं असतं. माझ्या तोंडावर ते आलं होतं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी खाली जमिनीवरच्या वायरीकडे पाहिलं. मला हेल्परची जागा हवी होती आणि मध्ये बोलायचं नाही असं सांगितलेलं होतं.

"ओके," काचेपलीकडून आवाज आला. दोन्ही बाजू एका तासात झाल्या.

तबकडी आली नारळी पौर्णिमेच्या सुमारास. मी फोनो घेऊन सारसोळ्याला गेलो. भर दुपारी अंगणात सगळी आळी जमली. पिन टेकवली आणि हसुरामचा आवाज असा आला की जणू तो कानाशी बसून बोलतोय. त्याचं हसूसुद्धा ऐकू येत होतं. भिमाचा आवाज मात्र खाडीपलीकडून कोणी हाक मारावी तसा. शब्द कळत होते, पण बाई दिसत नव्हती.

तिच्या मावशीने न राहवून विचारलं, "भिमे, तू कुठं हायस त्याच्यात?"

"मी पल्याडच्या बंदराव," भिमा म्हणाली. सगळी हसली.

हसुरामने लेबल वाचायला सांगितलं. मी वाचलं, "हसुराम आणि पार्टी."

"पार्टी कोन?" त्याने विचारलं.

भिमाच म्हणाली, "मीच की. लावा परत."

ती तबकडी चालली. लग्नांत, चहाच्या दुकानांत, पनवेलच्या बाजारात वाजायची. गावातल्या लोकांना भिमा माहीत होती, पण तबकडी ऐकणाऱ्यांना फक्त हसुराम माहीत झाला. अनोळखी माणसं येऊन त्याला त्याच्या उत्तरांची नक्कल करून दाखवायची. तो आता केस नीट विंचरून बंदरावर जायला लागला. मी ते पाहिलं आणि मला त्यात वाईट काही वाटलं नाही. जन्मभर टेकू होता, चार दिवस तुळई झाला.

गणपतीनंतर मोडक स्वतः सारसोळ्याला आले. त्यांना दुसरी तबकडी काढायची होती. हसुरामबरोबर गायला कंपनीने एक शिकलेली गायिका ठरवली होती.

"आनि ही?" हसुरामने विचारलं.

मोडकांना अवघड झालं. "त्यांचा आवाज चांगलाच आहे. पण माइकला सोसत नाही. रेकॉर्डिस्टसाहेबांचं मत आहे. माझं नाही."

मी ओट्यावर बसलेला होतो. भिमावैनी आत चुलीपाशी होती, दार उघडं होतं.

हसुराम माझ्याकडे वळला. "दत्त्या, तू या धंद्यातला. तू सांग. हिचा आवाज सोसत नाय?"

मोडक माझ्याकडे बघत होते. माझ्या हेल्परच्या जागेबद्दल ते 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणाले होते.

मी म्हटलं, "साहेब म्हणतात तर असेल. तिथला माइक वेगळा असतो."

हसुरामने मान हलवली. थोड्या वेळाने आतून भिमाचा आवाज आला, "जावा तुमी. बोलवतात तर जावा."

दुसरी तबकडी निघाली. गायिका सुरेल होती, तिचा दोष नव्हता. ती 'खाडीचा तळ कुठे' असं शुद्ध विचारायची आणि हसुराम पाठ केल्यासारखं उत्तर द्यायचा. सवाल कोणीतरी लिहून दिले होते. मी ती माझ्या दुकानात भिमावैनीला ऐकवली, तिनेच मागितली म्हणून. ती मासळीची पाटी बाजूला ठेवून उभ्याने ऐकत होती.

"बरा गातंय," ती म्हणाली. "पन त्या बायला उत्तर आयकायचाच नाय. तिला पुढला सवाल म्हनायची घाई."

तबकडी खपली नाही. कंपनीने हसुरामला पुन्हा बोलावलं नाही आणि मला तर पहिल्यांदाही बोलावलं नाही. दिवाळीनंतर लग्नं सुरू झाली तशी जोडीला बोलावणी आली. एका हळदीला मी माइक लावला, अंतरं धरली, हसुराम उभा राहिला. भिमावैनी बायकांत बसून राहिली. हसुराम तिला बोलवायला गेला.

"माजा आवाज सोसत नाय," ती सगळ्यांसमोर शांतपणे म्हणाली. "तुमी गावा."

तो एकटा माइकपाशी परत आला. त्याच्याकडे सगळी उत्तरंच होती. मग त्याने माइक सोडला आणि मी लोकांची वेळ निभवायला फोनोवर तबकडी लावली. कोणती लावली ते आठवत नाही. ती दोघांची नव्हती एवढं नक्की. तिथे ते वर्ष संपलं.

नंतर चारेक वर्षं गेली. हसुराम जाळ्यांवर, भिमा बेलापूरच्या बाजारात. मला रोज दिसायची. मासळी तिच्याकडूनच घ्यायचो, आणि प्रत्येक वेळी काहीतरी बोलायचं राहून जायचं. साठचं दशक संपत आलं तेव्हा माझ्या आईला अर्धांगाचा झटका आला आणि तिची वाचा गेली. बोलायच्या गोष्टी पुढे ढकलू नयेत हे तेव्हा मनात बसलं असावं. एका सकाळी बाजारात गर्दी नव्हती, मी भिमावैनीसमोर बसलो.

"वैनी, त्या स्टुडिओत मी बोलायला पाहिजे होतं. तुम्हाला दारापर्यंत ढकलायची गरज नव्हती. मान वळवली असती तरी झालं असतं. मला माहीत होतं."

ती बोंबील साफ करत होती. हात थांबले नाहीत. "मना बी म्हाईत होता," ती म्हणाली.

"काय?"

"तुमीच शिकवलेला ना. मना तोंड नव्हता काय? मी बी बोलले असते, साहेब, मी बाजूला बगून गाते. नाय बोलले."

"का पण?"

"लोक माज्यासाठी यायचे. यांना त्याचा लागायचा. तोंडानं कधी दाखवला नाय, पन मी बायको हाय, मना कलते. म्हटला, एक डाव त्यांचा बोल पुढं जाऊदे. मी मागं राहिले तर काय मरत नाय." तिने सुरी पुसली. "तवा तो तुमचा दोस नाय. तो मीच केला."

मला बरं वाटायला लागलं होतं. मी उठणार, तेवढ्यात ती म्हणाली, "पन ओट्यावर त्यांनी तुमाला इचारला. तवा तुमी खोटा बोललात. त्याचा मी काय करू?"

तिने मासळी पुड्यात बांधून दिली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

त्याच दिवशी दुपारी मी सारसोळ्याला गेलो. हसुराम बंदरावर उलथ्या होडीच्या सावलीत जाळं सांधत बसला होता. मी शेजारी बसून सगळं सांगितलं. स्टुडिओतलं, हेल्परच्या जागेचं, ओट्यावरचं. तिने सकाळी जे सांगितलं ते मात्र सांगितलं नाही. ते तिचं तिने सांगावं.

त्याने विचारलं, "म्हंजे सोसत होता तिचा आवाज?"

"सोसत होता."

त्याने जाळ्यातल्या फाटलेल्या जागेत बोट घातलं. मला वाटलं हात उचलेल. उचलला असता तर मी गप्प बसलो असतो.

"मी तुला इचारलाच कशाला?" तो म्हणाला. "दहा वर्सं तिच्या बाजूला उभा राहून गायलो. मना ठाव नव्हता काय? मना जायाचा होता, दत्त्या. कुनीतरी जा म्हनावा म्हनून इचारला."

त्याने जाळं गुंडाळलं, खांद्यावर टाकलं आणि घराकडे गेला. मला ये म्हणाला नाही.

पुढच्या लग्नसराईत दोघं पुन्हा गायला लागली, असं लोकांकडून कळलं. आप्तांच्या अंगणातल्या हळदीला फक्त. भोंगे लावलेले असतील तिथे ती दोघं जात नव्हती, त्यामुळे माझ्या कानावर ते गाणं पडलं नाही.